ई२० पेट्रोल आणि घरची जुनी गाडी: आधी काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं?

घरात २०११-१२ची एखादी ऑल्टो, वॅगनआर किंवा आय१० आहे. मीटरवर दीड लाखाच्या आसपास किलोमीटर. गाडी चालतेय, पण वडील म्हणतात, "आता हिच्यात पैसे घालू नकोस." मेकॅनिक म्हणतो, "एवढं काम करून घ्या, मग बघायलाच नको." आणि फॅमिली ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो की ई२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांची इंजिनं खलास होणार.

यातलं कुणाचं ऐकायचं? या लेखात आपण दोन गोष्टी बघू. एक, ई२० बद्दलची भीती किती खरी आहे. दोन, खूप चाललेल्या गाडीत बिघाड व्हायच्या आधीच कोणती कामं करून घ्यावीत आणि कोणती अजिबात करू नयेत. उदाहरणं आपल्या बीड जिल्ह्याची आहेत, पण हिशोब कुठेही लागू होईल.

हा प्रश्न आत्ताच का आला?

२०२५ मध्ये तीन-चार गोष्टी एकदम घडल्या.

पहिली, ई२०. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सरकारचं मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे आणलं गेलं आणि २०२५ मध्येच देशभर २० टक्क्यांचा टप्पा गाठला. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोलही उपलब्ध ठेवा, अशी जनहित याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. १ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने ती फेटाळली. म्हणजे साध्या पेट्रोलच्या नोझलमधून जे येतं ते ई२०च, हे धरून चालायचं.

दुसरी, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. शोरूमवाले सांगतात, "जुनी द्या, नवी घ्या." पण त्याच दिवशी गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरही सरसकट १८ टक्के लागू झाले. आधी काही भागांवर २८ होते. नवी गाडी स्वस्त झाली तशी जुनीची दुरुस्तीही थोडी स्वस्त झाली, हे मात्र जाहिरातीत दिसत नाही.

तिसरी, नोंदणी. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. कारसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० केली गेली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. २०११ ची एमएच-२३ किंवा एमएच-४४ पासिंगची गाडी असेल, तर २०२६ मध्ये हे काम तुमच्याकडे येणारच.

आणि एक खास बीडची गोष्ट. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं वाट पाहिली, शेवटी आली. तरीही रात्री दोन वाजता पेशंटला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायचं असेल, तर रेल्वेचं टाइमटेबल कुणी बघत नाही. दारातली गाडीच काढावी लागते. म्हणून इथे जुन्या गाडीचा प्रश्न हौसेचा नाही, भरवशाचा आहे.

ई२० मुळे नेमकं काय होतं?

आधी एक गैरसमज दूर करू. इथेनॉल मिसळतात ते फक्त पेट्रोलमध्ये. घरची गाडी डिझेलची असेल, तर ई२० चे व्हिडिओ बिनधास्त डिलीट करा आणि खालच्या यादीकडे वळा. सीएनजी किट असलेली गाडी सुरू होताना पेट्रोलवर होते, त्यामुळे तिला हे थोडंफार लागू आहे.

गंमत बघा. दसरा झाला की बीडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांनी तोडलेल्या उसातून साखर होते, इथेनॉलही होतं. (आता मका आणि तांदळापासूनही मोठ्या प्रमाणात होतं.) तेच इथेनॉल टँकरने फिरून गेवराई-माजलगावच्या पंपावर येतं. ते जुन्या गाडीत तीन प्रकारे काम दाखवतं.

१. ऊर्जा कमी. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून अ‍ॅव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के सांगितली होती.

२. रबरावर परिणाम. जुन्या पद्धतीचे काही रबरी पाईप, ओ-रिंग आणि गॅस्केट इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत साधारण २० ते ३० हजार किलोमीटर चालल्यावर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि हे काम स्वस्तात, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं.

३. पाणी ओढणं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीत पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. रोज चालणाऱ्या गाडीत हे सहसा होत नाही. पण मुलं पुण्यात आणि गाडी गावाकडे चार महिने शेडमध्ये, असं असेल तर सांभाळा. टाकीच्या झाकणाचं रबर चांगलं ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा कुणाला तरी गाडी नीट चालवून आणायला सांगा.

अ‍ॅव्हरेजचा फटका रुपयांत किती? समजा वर्षाला १२,००० किमी चालवता आणि गाडी १६ चं अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे ७५० लिटर. ६ टक्के घट धरली तर अ‍ॅव्हरेज १५.०४ होतं आणि लागतात ७९८ लिटर. ४८ लिटर जास्त. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला साधारण ५,००० रुपये. त्रासदायक आहेच, पण एवढ्यासाठी गाडी विकायची गरज नाही.

थोडक्यात, ई२० इंजिन एका रात्रीत मारत नाही. ते आधीच म्हाताऱ्या झालेल्या रबराचं वय वाढवतं. आणि तुमच्या गाडीत इंधनाव्यतिरिक्तही बरंच रबर, बरेच द्रव आणि बरेच पट्टे आहेत, जे १२-१४ वर्षं तसेच आहेत. खरी यादी तिथून सुरू होते.

तीन प्रश्न, तीन ढीग

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टीम सांभाळताना सगळंच नव्याने लिहीत बसत नाही. काय पडलं तर सगळं बंद होईल, ते आधी शोधतो. गाडीलाही हेच लावा. प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारा:

- हा भाग तुटला तर काय होईल? जीव धोक्यात, इंजिन खलास, की नुसता खोळंबा?
- तो आधी सांगून तुटतो का? आवाज, गळती, वास काही देतो का?
- तो किलोमीटरने म्हातारा होतो की वर्षांनी? (रबर आणि ब्रेक ऑइल शेडमध्ये उभ्या गाडीतही म्हातारे होतात.)

उत्तरांवरून तीन ढीग पडतात.

पहिला ढीग: न सांगता तुटतं आणि मोठं नुकसान करतं. वाट बघू नका.

*इंधनाचे रबरी पाईप आणि ओ-रिंग.* इथे प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही, आगीचा आहे. गरम इंजिनवर पेट्रोल गळालं तर काय होतं हे सांगायला नको. पाईपला तडे असतील, पेट्रोलचा वास येत असेल तर आजच बदला. नवे घेताना ई२० ला चालणारेच मागा. सोबत फ्युएल फिल्टर बघा, कारण इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि ती फिल्टरमध्ये जाऊन बसते.

*टायमिंग बेल्ट.* मारुती ८००, जुनी ८०० सीसी ऑल्टो, सँट्रो झिंग, डिझेल इंडिका, यांच्यात रबरी बेल्ट असतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनात आणि स्विफ्ट-डिझायरच्या १.३ डिझेल इंजिनात साखळी असते. साखळी आवाज करून सांगते, बेल्ट एका क्षणात तुटतो. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि इंजिन खोलावं लागतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती किमीला बदलायचा ते लिहिलेलं असतं. शेवटचा कधी बदलला हे कुणालाच आठवत नसेल, तर तो बदलायचाय असंच समजा. बेल्टवरच चालत असेल तर वॉटर पंपही त्याच वेळी बदला, कारण मजुरी तीच असते.

*कूलिंग.* रेडिएटरचे होज पाईप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, पंखा, कूलंट. होज फुटला की पाणी जातं, गाडी गरम होते आणि "थोडंच राहिलंय, घरापर्यंत नेऊ" म्हणत चालवली की हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. हजार-पाचशेचा पाईप इंजिनचं काम काढतो. आणि असं इंजिन साध्या विमा पॉलिसीत बसत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात वगळलेला असतो.

*ब्रेक.* पॅड घासले की आवाज येतो, पण ब्रेक ऑइल काहीच सांगत नाही. तेही ओलावा शोषतं. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळतं, आणि घाट उतरताना पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ लागतो. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली नसली तरी.

*टायर.* नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, असं नसतं. पाच-सहा वर्षं झाली की नीट तपासून घ्या. बाजूला बारीक तडे दिसले तर काढून टाका.

*फॅन बेल्ट.* स्वस्त आहे. बऱ्याच गाड्यांत तो तुटला की बॅटरी चार्जिंग बंद होतं आणि वॉटर पंपही थांबतो. तडे दिसले की बदला.

दुसरा ढीग: सांगून तुटतं. लक्ष ठेवा, पैसे बाजूला काढा.

क्लच, सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, व्हील बेअरिंग, सायलेन्सर, इंजिन माउंटिंग. हे सगळे आवाज करतात किंवा गाडी वेगळी वागते. क्लच घसरायला लागला तर महिनाभर आधी कळतं. तो "किमी झालेत म्हणून" बदलू नका. मात्र व्हील बेअरिंगचा घूं-घूं आवाज आणि स्टेअरिंगमधली ढिलाई पुढे ढकलू नका. आवाज आला की ते पहिल्या ढिगात गेले.

तिसरा ढीग: बंद पडलं तर बघू.

पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, एसीचा हलका आवाज, सीट कव्हर. बॅटरीही इथेच, फक्त जम्प केबल डिकीत ठेवा. याच ढिगात काही कामं अशीही आहेत जी करायचीच नाहीत: लक्षण नसताना इंजिन फ्लश, दर सर्व्हिसिंगला इंजेक्टर क्लीनिंग, आणि "ई२० प्रोटेक्शन"च्या बाटल्या. टाकीत ओतलेलं कोणतंही औषध जुन्या रबराचं नवं रबर करू शकत नाही. तेवढ्या पैशांत पाईप येतात.

बीडमध्ये यादी का बदलते?

कंपनीचं मॅन्युअल सगळ्या देशासाठी एकच असतं. आपल्याकडे चार गोष्टी वेगळ्या आहेत.

उन्हाळा: पारा चाळीशीच्या पुढे, एसी चालू, मागे तिघं बसलेले. कूलिंगची कमजोरी एप्रिल-मेमध्येच उघडी पडते. म्हणून ही कामं फेब्रुवारीपर्यंत उरका.

पाणी: कूलंट संपलं की आपण बोअरचं पाणी ओततो. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. चहाच्या पातेल्याला पांढरा थर येतो ना, तसाच. अडचणीत ओतावं लागलं तर ठीक, पण नंतर सगळं काढून कूलंट भरा.

रस्ते: मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा अरुंद घाट, आणि हंगामात पुढे उसाची ट्रॉली. चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात. संभाजीनगरला जाऊन समृद्धी महामार्ग धरला तर उलट, तासन् तास एकसारखा वेग आणि तापलेले टायर. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किमीचा हा रस्ता पूर्ण झालाय. जुने टायर घेऊन त्यावर जाऊ नका.

अंतर: शहरात गाडी बंद पडली तर ओला-उबर आहे. पाटोद्याच्या पुढे रात्री बंद पडली तर टोइंग, हॉटेल, सुट्टी, आणि सोबत आजारी माणूस असेल तर त्याची किंमतच नाही. म्हणून पहिला ढीग आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त गंभीर.

मोबाईलवरून काय बघता येईल?

*टायरचं वय.* टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाचही टायरचे फोटो काढून ठेवा, स्टेपनी धरून.

*आरसीची मुदत.* एमपरिवाहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसेल. आणि हो, "१५ वर्षं झाली की गाडी भंगारात" हा नियम दिल्ली परिसरातल्या पेट्रोल गाड्यांबाबतचा आहे, महाराष्ट्रातला नाही. आपल्याकडे तपासणीत पास झाली की मुदत वाढते.

*ओबीडी.* भारतात एप्रिल २०१३ पासून कारमध्ये ओबीडी-२ आलं. स्टेअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावून टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या अ‍ॅपवर इंजिनचे आकडे दिसतात. त्याआधीच्या काही गाड्यांतही चालतं, मित्राचा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. दोन आकडे पाहायचे:

कूलंट तापमान. साधारण ८५ ते १०० अंशांत राहायला हवं. घाटात ११० कडे सरकत असेल तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, आणि घरी आल्यावर कूलिंग तपासा. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत उशिरा हलतो.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ई२० मध्ये ऑक्सिजन जास्त असल्याने कॉम्प्युटर थोडं जास्त पेट्रोल सोडतो, म्हणून हा आकडा थोडा अधिककडे झुकतो. चार-सहा टक्के असेल तर चिंता नको. सतत १५ च्या वर असेल किंवा पी०१७१ हा कोड येत असेल, तर दोष फक्त ई२० चा नाही. कुठेतरी हवा घुसतेय, फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय.

गॅरेजमध्ये जाताना हे स्क्रीनशॉट न्या. मेकॅनिकवर अविश्वास दाखवायला नाही. "काय काय करायचं?" ऐवजी "हे का होतंय?" असं विचारता येतं, आणि बिल तिथेच कमी होतं.

पैशांचा हिशोब कसा करायचा?

नेहमीचा युक्तिवाद: "दीड लाखाच्या गाडीत ३८ हजार कशाला घालायचे?" ही तुलनाच चुकीची आहे. गाडी विकली तर तिच्या जागी काय येणार, त्याच्याशी तुलना करा. छोट्या नव्या गाडीसाठी साडेचार लाखांचं कर्ज, ९.५ टक्के, पाच वर्षं धरलं तर हप्ता साधारण ९,४५० रुपये. म्हणजे ३८ हजार म्हणजे चार हप्ते. त्या कामानंतर गाडी दीड-दोन वर्षं भरवशाने चालली तर दुरुस्ती फायद्यात.

आणि ३८ हजारांचं ते बिल तीन ढिगांत वाटून बघा. बहुतेक वेळा पहिल्या ढिगाचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो. तेवढं आता करा, दुसऱ्याचे पैसे दर महिन्याला बाजूला टाका.

पण कधी थांबायचं?

चॅसिस किंवा सस्पेन्शनच्या जोडाला गंज लागलाय, इंजिन ऑइल पितंय आणि निळा धूर सोडतंय, आरसी वाढवायला चार महिने राहिलेत आणि तपासणीत पास होण्यासाठीच मोठं काम लागणार आहे. यातल्या दोन गोष्टी एकत्र असतील तर पैसे घालू नका.

चौथं कारण मात्र कुठल्याच बिलात दिसत नाही. नव्या गाड्यांत एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. २०११ च्या साध्या मॉडेलमध्ये बहुधा दोन्ही नाहीत, आणि कोणताही मेकॅनिक ती बसवून देऊ शकत नाही. गाडी गाव, शेत, बाजार एवढीच फिरत असेल तर चांगले ब्रेक, चांगले टायर आणि सीटबेल्टवर ती अजून काही वर्षं नीट चालेल. पण तुम्ही दर शनिवारी रात्री पुण्याहून बीडला हायवेने येत असाल, तर गाडी कितीही ठणठणीत असू द्या, त्या कामासाठी ती जुनी झालीय. तेव्हा चार हप्त्यांचा हिशोब बाजूला ठेवायचा.

या रविवारी एवढंच करा. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या, इंधनाचे पाईप आणि रेडिएटरचे होज दाबून बघा (इंजिन थंड असताना). टायरचे आकडे टिपा. सर्व्हिसची जुनी बिलं शोधून टायमिंग बेल्टची तारीख बघा. सापडली नाही, तर सोमवारी गॅरेजमध्ये पहिलं काम तेच.